लढून कुणाला घेता न आलेला किल्ला

आमच्या गावामागच्या टेकडीवर किल्ला आहे, म्हणजे त्यातलं जे उरलंय ते. तांबड्या दगडाचे दोन बुरुज, थोडी तटबंदी आणि दाराची कमान. फळ्या केव्हाच गेल्या. बाकीचा दगड कुठे गेला असं कुणी विचारलं तर त्यानं गावात एक चक्कर मारावी. जोती, गोठे, पार, सगळीकडे आमचा किल्लाच आहे.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच दसऱ्याला मी सासऱ्यांचं भाषण ऐकलं. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं. दसऱ्याच्या संध्याकाळी लोक बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन वर जातात, आणि ती एकमेकांना द्यायच्या आधी अप्पा किल्ल्याची हकीकत सांगतात. बहमनी आले, बरीदशाही आली, मोगल आले, निजाम आला, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "ह्यो किल्ला लढून कुणालाबी घेता आला न्हाई." अर्धं मराठीत, अर्धं कानडीत, निजामाचं तेवढं दखनीत. बोलणाऱ्याचे कुळीथही विकले जातात, असं मी घरात चिडवायची. पण सांगायचे झकास. हैदराबादला कामाला गेलेली माणसं दसऱ्याला गावी येत, ती निम्मी यासाठीच.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या थोडं आधी कडगंचीच्या विद्यापीठात इतिहास शिकणारी एक मुलगी आली. अप्पांनी तिला हौसेनं सगळा किल्ला फिरवून दाखवला. मी पाण्याची बाटली घेऊन मागे. दोन्ही बुरुज बघून झाल्यावर ती जरा चाचरतच म्हणाली, "अज्जा, तोफगोळ्याची एकपण खूण दिसत नाही कुठं. मला वाटतं इथं लढाई झालीच नसावी. फौज आली की आतल्या किल्लेदारानं दार उघडून दिलं असेल. लहान किल्ल्यांत बऱ्याचदा तसंच व्हायचं."

पोरगी खवचट नव्हती. अप्पांनी स्वतः भिंत चाचपून बघितली, पार दुसऱ्या टोकापर्यंत. त्यांचं वाक्य खोटं नव्हतंच. लढून कुणी घेतला नव्हता, कारण कुणी लढलंच नव्हतं.

त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. ताटावरून उठताना म्हणाले, "यंदा मी बोलणार न्हाई वर."

"कामून?"

"काय बोलू? दार उघडून दिलं म्हणून सांगू? लोक हसतील."

मला रागच आला. "मग नेहमीचंच सांगा की. ती पोरगी काय ऐकायला येणार हाय का?"

"कळाल्यावर तसं कसं सांगू गं?" ते म्हणाले.

मी भांडायला कुणाला ऐकणारी बाई नाही, पण त्यांचं ताट उचलून आत गेले. या माणसाचा सगळा मान त्या एका वाक्यावर उभा होता, आणि तो वाचवायला साधी थाप मारायचीही त्यांची तयारी नव्हती.

दसऱ्याला मात्र त्यांनी धोतर नेसलं, फेटा बांधला आणि माझ्या खांद्याला धरून टेकडी चढले. दर वर्षी ते बुरुजापाशी उभे राहतात. या वेळी कमानीतच थांबले.

"इतकी वर्सं सांगत आलो, किल्ला लढून कुणाला घेता आला न्हाई," त्यांनी सुरुवात केली. "ते खरंच हाय. पर कामून ते यंदा कळालं. हितं कुणी लढलंच न्हाई. फौज आली की किल्लेदारानं दार उघडलं."

मागून कुणीतरी हसलं आणि म्हणालं, "म्हंजे भ्याला की."

"भ्याला आसंल," अप्पा शांतपणे म्हणाले. "खाली गाव होतं. त्यो लढला आसता तर आधी गाव जळालं आसतं, मग किल्ला. तुझं घर किती पिढ्यांचं हाय, तुझ्या आज्याला इचार. मठ बघ, मशीद बघ, मारुती बघ. सगळं हाय तिथंच हाय. राजे बदलले, पर आपल्या चुली इझल्या न्हाईत. त्या किल्लेदाराचं नाव कुणी लिहून ठेवलं न्हाई. मी तर त्याला मोठा माणूस म्हणायलोय."

एवढंच बोलले. टाळ्या नाहीत, काही नाही. पहिली बन्नी बुरुजाला वाहायची आमच्याकडची रीत. अप्पा गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि त्यांनी आपली पानं कमानीच्या उंबऱ्यावर ठेवली, जिथे ते दार उघडलं गेलं असेल.

मला म्हाताऱ्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आमच्या गल्लीतले बांगडीवाले चाचा पुढे झाले, त्यांनीही तिथेच पानं ठेवली. मग मठाचे स्वामी, मग ज्याला हसू आलं होतं तो, मग बायका. माझी पाळी आली तेव्हा उंबऱ्यावर पान ठेवायला जागा उरली नव्हती.