दुपारी दमणारं सेव्ह

त्या आठवड्यात माझी झोप उडाली होती. लेकीचा खोकला होताच, पण खरी धास्ती होती ‘सेव्ह’च्या बटणाची! कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी आमच्या नगरच्या छोट्या ऑफिसने जावामध्ये ॲप लिहिलेलं. उसाच्या गाडीचं वजन सेव्ह व्हायला इतका वेळ लागे, की मागे बैलगाड्यांची रांग थेट रस्त्यावर. कारखान्याने बजावलं, “रविवारपर्यंत नीट करा, नाहीतर जुनं सॉफ्टवेअर परत लावतो!”

बग सुटतो, विसरला जातो. त्याचे किस्से मात्र चहाबरोबर वाढतच जातात.

*

कारखान्यावर, काट्याच्या खोलीत बसून मी सवयीप्रमाणे आधी स्वतःवर संशय घेतला, मग डेटाबेसवर, मग नेटवर्कवर. काटा चालवणाऱ्या भाऊंचा संशय वेगळाच. हंगामाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी सर्व्हरचीही पूजा झाली होती आणि झेंडूचा हार त्याच्या पंख्यावर लटकत होता.

“म्याडम, हार काढा. त्याला उकडतंय!”

काढला. सेव्ह तसंच. पंख्यातून पाकळ्या मात्र भरपूर निघाल्या!

*

रांगेतली एक ऊसतोडणीवाली खिडकीशी आली. “बाई, तुमचं मशीन जेवाया गेलंय का? बैलं उन्हात हायेत.”

मी पुन्हा कोडमध्ये डोकं घातलं. माझ्याबरोबर आलेल्या आमच्या टीम लीड वैशालीताई मात्र उठून बाहेर गेल्या, बैलांना पाणी मिळेल असं बघितलं आणि मगच लॅपटॉप उघडला.

*

ताईंनी भाऊंना एकच प्रश्न विचारला, “कधी हळू होतं?”

“सकाळी लई पळतं. दुपारी दमतं. ॲप बंद करून चालू केलं की पुन्हा पळतं.”

“मग डेटाबेस बिचारा निर्दोष आहे! आपलंच ॲप दिवसभर काहीतरी साठवतंय.”

आणि तसंच निघालं. सकाळपासूनची प्रत्येक नोंद ॲपने मेमरीत धरून ठेवलेली. नवी सेव्ह करताना जुन्या सगळ्या बदलल्यात का, हे ते दर वेळी तपासायचं! “एक वाटी फळीवर ठेवायची, तर आधी घरातली सगळी भांडी तपासायची,” ताई म्हणाल्या.

*

“हे लिहिलं कोणी?” कारखान्याचे साहेब कडाडले.

मी मनात म्हटलं, माझंच असणार!

“मी,” वैशालीताई म्हणाल्या. “घाईत लिहिलं. आता नोंद झाली, की ॲप ती सोडून देईल.”

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि शिपायाला म्हणाले, “ताईंना चहा आण.” इतकं सरळ ‘मी’ मला कधी जमेल, देव जाणे.

शनिवारी भरदुपारी रांग सरकू लागली. तीच बाई जाताना ओरडली, “जेवलं वाटतं!”

*

सोमवारी शाळेच्या फाटकाशी मी लेकीला थांबवलं. डबा? आहे. पाण्याची बाटली? आहे. रुमाल? आहे. तेवढ्यात आज वर्गात खाऊ वाटायचाय अशी तिच्या मैत्रिणीने आठवण केली, म्हणून मी पर्समधला बिस्किटांचा पुडा दप्तरात टाकला. मग पुन्हा सुरू केलं, “डबा? बाटली?...”

तिने दप्तराची चेन ओढली.

“आई, ते सगळं मगाशी झालंय. पुडा ठेवलास ना? मग आता सोड मला!”