जाताना म्हणायचा शब्द

आमच्या फाट्यावर सिमेंटचा एक बाक आहे. मेहकरहून लोणारकडे जाणारी एसटी तिथं थांबते. संक्रांतीनंतर मी परत आलो, तेव्हापासून रोज सकाळी त्या बाकावर जाऊन बसतो. सुरुवातीला लोक विचारायचे, "आबा, कुठं जाऊन राह्यले?" मी म्हणायचो, कुठंच नाही. कंडक्टरनंही एकदोनदा माझ्यासाठी गाडी थांबवून धरली. मग त्याच्याही लक्षात आलं, की हा म्हातारा गाडीसाठी बसत नाही.

बायको म्हणाली, "तिकडं सवत तर ठेवून नाही आले?"

तिकडं म्हणजे अलिकांतेला. स्पेन देशात समुद्राच्या काठावर हे शहर आहे. माझी मुलगी तिथल्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर आहे. मी चौथी शिकलो आणि माझी मुलगी समुद्रापलीकडे जाऊन बसली, हे मी ज्याला त्याला सांगतो. न सांगण्यासारखं त्यात काय आहे? ती कितीतरी वर्षं बोलवत होती. बायको गुडघ्याचं आणि म्हशीचं निमित्त सांगून घरी राहिली. मी एकटा गेलो, तेही मुलीला बजावून. म्हणलं, माय, एकदा पाहून घेतो. पुन्हा पुन्हा म्हणायचं नाही. माझं असंच आहे, एकदा बोललो की बोललो.

मुलगी आणि जावई सकाळीच कामाला जायचे. मी काठी घेऊन समुद्राकडे उतरायचो. तिथं काठानं रुंद रस्ता आहे, फक्त पायी चालायचा. दोन्हीकडे ताडासारखी उंच झाडं. खालच्या फरशीवर लाटांची नक्षी अशी काढली आहे, की पहिल्या दिवशी मला वाटलं जमीनच हालते आहे. काठी टेकून पाहिली. सपाट होती. पुढं खुर्च्या मांडलेल्या. कोणीही बसावं, पैसे नाहीत.

तिथंच तो बसलेला असायचा. माझ्याच वयाचा, डोक्यावर चपटी टोपी, खिशात सूर्यफुलाच्या बिया. दातानं फोडायचा आणि टरफलं कागदात जमा करायचा. त्यानं ओंजळ माझ्यापुढं केली. मी म्हणलं, "आमच्याकडं हे पाखरं खातात." त्याला काय कळलं कोण जाणे, पण हसला. मग मीही खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मी घरून नेलेले फुटाणे त्याच्यापुढं धरले. ते त्याला आवडले.

आमचं बोलणं असंच चालायचं. तो त्याच्या भाषेत, मी माझ्या. त्यानं समुद्राकडं बोट दाखवून दोन्ही हातांनी जाळं ओढल्यासारखं केलं. मी समजलो, कोळी होता. मी वखर धरून बैलांना हाकलं, तेव्हा त्यानंही मान हालवली. गुडघ्याचं तर सांगावंच लागलं नाही. उठताना दोघांच्याही तोंडून एकच आवाज निघायचा.

पहिल्या दिवशी उठताना मी हात जोडले आणि म्हणलं, "येतो." आपल्यात कोणी "जातो" म्हणत नाही. जातो म्हणणारा माणूस एकदाच जातो. त्यानं माझ्या छातीकडं बोट केलं आणि सावकाश म्हणलं, "येतो." मला मोठं कौतुक वाटलं. म्हणलं, माणूस हुशार आहे, एका दिवसात शिकला.

पण दुसऱ्या सकाळी मी लांबून दिसलो आणि हा हात वर करून ओरडला, "येतो!" बसल्यावर मी त्याला समजावलं, "अरे बाबा, आल्यावर नाही म्हणायचं, जाताना म्हणायचं असते ते." त्यानं मान डोलावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणलं, जाऊ दे. परक्या माणसाला येणं-जाणं कळायला वेळ लागणारच.

रविवारी मुलगी मला जवळपासची गावं दाखवायची. एकदा आगगाडीनं खजुराच्या बागांच्या गावी नेलं. मी म्हणलं, शिंदीची झाडं आमच्या नाल्यावर काय कमी आहेत? एकदा ट्रामनं कोळ्यांच्या गावी गेलो. समुद्रासमोर एक घर निळं, एक पिवळं, एक लाल. म्हणे, धुक्यात आपलं घर ओळखू यावं म्हणून रंगवतात. मी म्हणलं, आमच्या गावात कोणाचं घर कोणतं, हे आंधळाही सांगतो. मुलगी हसायची, पण दर खेपेला थोडी कमी.

मग एका रविवारी बसनं खाऱ्या तळ्यावर गेलो. त्या गावाचं नाव माझ्या जिभेला जमत नाही. तळं गुलाबी होतं. खरंखुरं गुलाबी, आणि काठावर पांढरं मीठ. आमचं लोणारचं तळं लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात असंच झालं होतं. तेव्हा मी कठड्यापाशी उभा राहून पाहिलं होतं. मुलगी तेव्हा तिकडं स्पेनमध्येच अडकलेली. फोनवर तिला रंग सांगता सांगता माझा आवाज बसला होता. आता ती माझ्या शेजारी उभी होती आणि समोर तोच रंग.

"बाबा, बोला ना काही. लोणार याच्याहून भारी आहे म्हणा," ती म्हणाली.

मी वाकून मिठाचा एक खडा उचलला. मनात आलं, हे उद्या त्या टोपीवाल्याला सांगितलं पाहिजे.

सोमवारी सांगितलं. "तुमच्याकडं आमचं लोणार आहे," म्हणलं. सगळं सांगितलं, तळं, कठडा, लॉकडाऊन, मुलीचा फोन. तो बिया फोडायचं थांबवून ऐकत राहिला. एक शब्द कळला नसेल. इतकं मन लावून माझं कोणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

शेवटच्या दिवशी मुलगी म्हणाली, "मी येते तुमच्यासंग. तुमी चालले म्हणून सांगते त्याले."

मी म्हणलं, "मले दुभाषा नाही लागत."

मी हाताचं विमान करून दाखवलं. त्यानं वर आभाळात पाहिलं, विमान शोधलं, नाही दिसलं. मी पूर्वेकडं हात लांब केला. त्यानं तिकडच्या डोंगरावरचा किल्ला पाहिला. आमच्या भाषेत कायमचं निघताना म्हणायला शब्दच नाही. जो आहे तो रोजचाच. मी हात जोडले. "येतो." तोही हसून म्हणाला, "येतो." आणि नेहमीसारखं माझ्या छातीकडं बोट केलं.

विमानतळावर मुलगी म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात आईले घेऊन या." मी म्हणलं, "नाही. पाहून झालं." तिनं तोंड फिरवलं. त्यानंतर फोनवर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. माझीच मुलगी ती.

तळ्यावरचा तो मिठाचा खडा मी रुमालात बांधून आणला होता, कोनाड्यात ठेवला होता. एक दिवस पाहतो तर खडा नाही. बायकोनं म्हशीपुढं टाकला होता. "लई आवडीनं चाटला तिनं," म्हणाली. तीन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. एका खड्यासाठी एवढं काय, हे तिला कळेना. मलाही सांगता येईना.

खरं तर कारण खडा नव्हताच. रोज सकाळी डोळ्यापुढं मला तो माणूस दिसायचा, खुर्चीवर. आमच्या वयात शेजारची खुर्ची रिकामी दिसली, की माणूस एकच अर्थ काढतो. मी इथं धडधाकट बाकावर बसलेलो, आणि तिकडं तो मनातल्या मनात मला संपवून मोकळा झाला असेल. मुलीला म्हणता आलं असतं, जा, त्याला सांगून ये. पण मग ती विचारणार, बाबा, तुमचं तर पाहून झालं होतं ना?

गेल्या रविवारी तिचा फोन आला. "बाबा, तुमचा दोस्त भेटला काल."

मी फोनचा आवाज वाढवला.

"बाजूच्या खुर्चीवर टोपी ठेवली होती त्यानं, कोणी बसू नाही म्हणून. मी सांगितलं, तुमच्यासंग बसत होते त्यांची मी पोरगी. तर उठून उभाच राह्यला. म्हणे, येतोची मुलगी?"

"येतोची?"

"बाबा, त्याले वाटते तुमचं नावच 'येतो' आहे." ती हसत सुटली. मला पहिल्या दिवशीचं ते बोट आठवलं. त्याला येणं-जाणं चांगलं कळत होतं. तो रोज मला नावानं हाका मारत होता, आणि मी त्याला शिकवत बसलो होतो.

"काय विचारत होता?"

"तेच. येतो मेला का, म्हणे."

"तू काय सांगतलं?"

"म्हटलं, बरे आहेत. पण आता येणार नाहीत." तिचं हसू थांबलं होतं. "तुमीच म्हणले होते ना."

चुलीजवळून बायको म्हणाली, "बोला आता. जीभ काही झिजत नाही."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, आणि गाडी पुढं निघून गेली.

"त्याले म्हण, येतो," मी म्हणलं.

मुलगी हळूच म्हणाली, "नाव सांगू का निरोप?"

"निरोप."

एवढं बोलून मी फोन बायकोच्या हातात दिला आणि उठलो. काठी शोधत होतो तोवर ती मुलीला सांगत होती, की म्हशीचं पाहता येईल, पण विमानात पाय लांब करू देतात का, ते पहिले विचारून ठेव.