खालून मारलेली हाक

रविवारच्या पुरवणीत जागा उरली की आमच्या बुलढाण्याच्या कार्यालयात कोणावर कोणता विषय येईल, सांगता येत नाही. त्या आठवड्यात माझ्यावर व्हिडिओ गेम आला. एका गाजलेल्या सुपरहिरो सिनेमावरून काढलेला गेम खेळून पाहायचा आणि पहिल्या भेटीत तो कसा वाटला ते लिहायचं. छायाचित्रकार सहकाऱ्याकडून खेळाचं यंत्र मागून घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी घाट उतरून मोताळ्याला थोरल्या भावाकडे गेलो. त्याच्याकडचा टीव्ही मोठा आहे.

भाऊ विजेच्या मोठ्या वाहिनीचे टॉवर उभारणाऱ्या टोळीत आहे. लोखंड वर चढत जातं तसा तोही चढत जातो. काम बहुतेक परराज्यात असतं. तेव्हा तो घरी होता आणि सोमवारी निघणार होता.

सिनेमात उंची दुरून दिसते. गेममध्ये खाली पाहायचं की नाही, हे आपल्या अंगठ्यावर असतं. हा पहिला फरक मी टिपून घेतला. नायक छतावरून सुटला तरी मरत नाही. रस्त्यावर आपटतो, उठतो आणि पुन्हा भिंतीला भिडतो. गेम करणाऱ्यांनी गाड्या, माणसं अगदी मुंगीएवढी दाखवली आहेत.

भाऊ जेवून बाहेरच्या खोलीत आला.

"काय करून राह्यला बे?"

"ऑफिसचं काम."

"याले काम म्हनते? मंग आमी काय करतो?"

तो शेजारी बसला. थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "याचा कमरेचा पट्टा कुठी हाय?"

"त्याले पट्टा लागत नाई."

"लागत नाई म्हननारेच आंधी खाली येते. दे इकडं."

कोणती कळ कशाची, ते मी दाखवलं. नायक सर्वात उंच इमारतीच्या कडेवर उभा होता. उडी मारणं ही एका बोटाची गोष्ट होती. भावाने ती मारली नाही. त्याने नायकाला पाठमोरं केलं आणि खिडक्यांच्या कडा धरत तो त्याला खाली उतरवायला लागला. एक हात घट्ट बसल्याशिवाय तो दुसरा सोडत नव्हता.

"अरे, उडी मार. काई होत नाई त्याले."

"तुले काय मालूम?"

मी हसलो. तो हसला नाही.

निम्म्या उंचीवर आल्यावर गेममधला ठरलेला प्रसंग सुरू झाला. रस्त्यावरून एका बाईने नायकाला नावाने हाक मारली आणि दृश्य आपोआप खाली वळलं. भावाचे हात थांबले. हातातला कंट्रोलर मांडीवर घसरला.

"बंद कर."

मी गेम थांबवला. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

"वर चढलेल्याले खालून नावानं हाक मारत नसते," तो म्हणाला. "नाव आयकलं की मानूस आंधी मान वळवते, मंग इचार करते. आमच्यात खालच्यानं टॉवरच्या पायावर पान्हा वाजवा लागते. वरचा थांबते, हात पक्का करते, मंगच खाली पायते."

मागच्या कामावर टोळीत नवीन आलेला एक जण हे विसरला होता. तो आपल्याच तालुक्यातला. गावाकडचा म्हणून त्याने मायेने नावाने हाक मारली. भावाने वाकून पाहिलं आणि पाय निसटला. पट्ट्यावर तो काही क्षण लोंबकळला.

"तवापासून वर गेलो की पाय कापते. उभंच राह्यता येत नाई. दोनदा चढलो, अर्ध्यातून उतरलो. मुकादमाले पोटात दुखते म्हनून सांगतलं." मग आवाज उतरवून म्हणाला, "तिले सांगू नको."

वहिनी चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मले काऊन नाई सांगाचं?"

भाऊ थांबलेल्या पडद्याकडे पाहू लागला. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुमी तरी बोला. पेपरात सारं छापता ना?"

त्यांनी टेबलावरचा त्याचाच मोबाइल उचलून भावाच्या हातात दिला.

"मुकादमाले फोन लावा. खालचं काम द्या म्हना. माह्यासमोर म्हना."

त्याने फोन लावला. स्पीकर त्यांनीच सुरू केला. भावाने तोंड उघडायच्या आधीच मुकादम हिंदीत सुरू झाला. खाली माणसं भरपूर आहेत, वर चढणारा कमी आहे, सोमवारी गाडी सुटेल. भावाने खालच्या कामाचा विषयच काढला नाही.

"हाँ, आता हूँ," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"असं काऊन म्हनलं?"

"तोंडातून निंगालं."

"मंग मीबी येतो तुमच्यासंग. खाली उभी राहीन," वहिनी म्हणाल्या.

"बाया नाई चालत तिथी."

"पाय कापनारा चालते का?"

कपातल्या चहावर साय धरली होती. भावाने पुन्हा फोन लावला. घंटी पूर्ण वाजून थांबली, कोणी उचलला नाही. तो म्हणाला, मुकादम पाहील अन् परत फोन करील. फोन त्याने आमच्या तिघांच्या मध्ये टेबलावर ठेवला. आम्ही बसून राहिलो.

फोन वाजला. पडद्यावर मुकादमाचं नाव होतं. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात पुढे केला, पण लगेच उचलला नाही; आधी दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली.