हुशारिल्वा?

अक्का हुशार, हे आमच्या धारवाडच्या घरात रोज कुणीतरी म्हणायचंच. ती एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मी सातवीत. मी इतकी जळायचे की तिची घट्ट घातलेली वेणी बघूनही माझ्या पोटात दुखायचं.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी एका पावसाळ्यात फ्लूची साथ आली. आधी मी पडले. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी शाळा. आठवड्यानं अक्का पडली आणि सारं घर तिच्या खाटेभोवती गोळा झालं. आई दिवसभर तिची छाती शेकायची. माझी कुणी शेकली होती?

शेजारच्या बाई म्हैसूरकडून नुकत्याच आलेल्या. फाटकाशी त्यांनी मला विचारलं, "अक्कनिगे हुशारिल्वा?" आमच्याकडच्या कानडीत आजारी माणसाला 'आराम इल्ल', आराम नाही, असं म्हणतात. मला वाटलं, विचारताहेत, अक्का हुशार नाही का? असं विचारणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

"इल्ल!" मी आनंदानं म्हटलं. त्यांनी हळहळून माझ्या गालावरून हात फिरवला.

डॉक्टर घरी आले तेव्हा म्हणाले, "धाकटीला बसू द्या जवळ. हिच्या रक्तानं या तापाचा धडा पाठ केलाय. थोरलीचं अजून शिकतंय." अक्काच्या आधी मी काहीतरी शिकले होते! पण मला आईचा हातही हवा होता. म्हणून पुन्हा ताप यावा यासाठी अक्काचं उष्टं पाणी मी चोरून प्यायले, दोनदा. काही झालं नाही. माझं मेलं रक्त तो धडा विसरायलाच तयार नव्हतं.

सातव्या दिवशी अक्काला धाप लागली. डॉक्टर अप्पांना म्हणाले, "विषाणू हटत आलाय, पण त्याच्याशी लढणारं तिचंच सैन्य आता थांबेना. फुप्फुसं सुजलीत." तिला दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं. रडणाऱ्या आईला शेजारच्या बाई म्हणाल्या, "हुशाराग्ताळे." मी अर्थ विचारला.

"बरी होईल म्हणतात," आई म्हणाली.

मी कशाला 'इल्ल' म्हटलं होतं ते तेव्हा कळलं. चार दिवस मला घास गिळवेना.

पाचव्या दिवशी अप्पा अक्काला घेऊन आले. दोन पावलं चालून ती ओट्यावर टेकली. फाटकातून बाईंनी विचारलं, "हुशारादळा?"

"हुशारच आहे ती," मी मराठीत म्हटलं आणि मला रडू फुटलं.