डॉल्फिन दिसले तरच पैसे

१९९६ च्या जानेवारीतला रविवार. आमच्या नेरूळच्या सोसायटीची उरणला सहल. बारा कुटुंबं, प्रत्येकी शंभर, डॉल्फिन बघायच्या मचव्याचं भाडं बाराशे. धक्क्यावर ठरवायला तिघे होतो: मचवा चालवणारा तांडेल, सोसायटीचे सेक्रेटरी आणि खजिनदार म्हणून मी. निम्मे आधी, उरलेले सहाशे डॉल्फिन जवळून दिसले तरच, ही अट माझी. माल बघितल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, ही माझी सवय. तिचा मला अभिमान होता.

अर्ध्या तासाने दोन पाठी वर आल्या. एक मोठी, राखाडी. तिला खेटून एक छोटी. तांडेलाने मचवा थेट त्यांच्यावर घातला. त्या बुडाल्या, लांब निघाल्या. त्याने पुन्हा आडवं जाऊन गाठलं. चौथ्या वेळी पिल्लू एकटंच वर आलं. आई मचव्याच्या पलीकडे, मधे आमचं इंजिन.

"अहो, थांबवा! त्यांना एकत्र येऊ द्या," मी ओरडलो.

"साहेब, तुमीच बोल्ले ना, जवलून दिसला तरच पैसे? माजं डिझेल कोन देनार?"

"बरोबर बोलतोय तो," सेक्रेटरी म्हणाले. "घ्या हो जवळ. कॅमेऱ्यात नुसतं पाणी येतंय."

"पिल्लू आहे ते!"

"मग आपण काय त्याला खाणार आहोत का, खजिनदार?"

सगळे हसले. पिल्लू पुन्हा वर आलं, या वेळी अगदी इंजिनाच्या पंख्याजवळ.

मी तांडेलाजवळ गेलो. "पूर्ण पैसे देतो. इंजिन बंद करा."

त्याने लगेच बंद केलं. पाठलागाची हौस त्याला नव्हतीच. आम्ही लाटांवर हलत राहिलो. बऱ्याच वेळाने लांबवर दोन पाठी एकत्र दिसल्या, इतक्या लांब की ते 'दिसले' असं धरायला कोणी तयार नव्हतं.

"जवळून दिसले नाहीत, म्हणजे अट मोडली," सेक्रेटरी धक्क्यावर म्हणाले. "आमचे पन्नास परत करा." अट माझ्याच अक्षरात कागदावर होती. पुढच्या सहलीच्या नोटिशीत तीच अट शब्दशः उतरवलेली पाहिली तेव्हा मी हरकत घेतली. "तुमचीच तर आहे," सेक्रेटरी म्हणाले.

त्या रविवारी अकरा कुटुंबांना पन्नास-पन्नास परत केले. तांडेलाला सहाशे दिले. त्यांतले पन्नास माझ्या वाट्याचे होतेच. माझ्या खिशातले साडेपाचशे त्या अटीपायी गेले.