साडूचा क्लच

हे मी अजून कुणापुढं उघडं केलेलं नाही. बायकोपुढं तर नाहीच — तिच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची गोष्ट, तिला कोणत्या तोंडानं सांगणार? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून जीभ जरा सैल सुटली आहे. मधेच अडखळलो तर कंटाळू नका.

मी शेवगावात ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सेल्समन आहे. रस्त्याच्या पलीकडं दुसऱ्या कंपनीचं शोरूम. तिथं माझा साडू दत्ता ड्रायव्हर होता, गिऱ्हाइकाच्या रानात ट्रॅक्टर नेऊन चालवून दाखवायचा. दोन्ही कंपन्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून — एचपी! त्यांनी बॉनेटवर पंचेचाळीस लिहिलं की आमचे सत्तेचाळीस यायचे. आमचे सत्तेचाळीस आले की त्यांचे पन्नास. इंजिन तेच, पत्रा तोच, स्टिकर तेवढा नवा. आणि गिऱ्हाईक? डिझेल किती पितो, पार्ट कुठं मिळतात, काही म्हणून विचारणार नाही. "किती एचपी?" संपलं. डोकं उठायचं माझं. हा आकडा नक्की कुठं आणि कसा मोजतात हे मलाही कुणी धड सांगितलेलं नव्हतं, आणि तोच आकडा मी दिवसभर छाती फुगवून सांगायचो.

मूळ गोष्टीवर येतो. येतोय — जरा दम धरा.

आमच्याकडं जत्रेत टोचन लावतात. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे करायचे, मधे साखळी बांधायची आणि दोघांनी उलट्या दिशांना ओढायचं. जो दुसऱ्याला रेषेच्या पलीकडं नेईल तो जिंकला. स्टिकरवर काहीही लिहा, लोकांचा विश्वास टोचनावर. एका वर्षी आमच्या मालकात आणि समोरच्या मालकात भर चौकात पैज लागली. ट्रॅक्टर शोरूममधून निघतो तसाच आणायचा, चाकाला जादा वजन नाही, टायरात पाणी नाही. त्यांच्याकडून दत्ता बसणार, आमच्याकडून मी. सासुरवाडीला तर दुसरा विषयच नव्हता. मेव्हणे आम्हाला एकमेकांवर घालायचे आणि सासरे मिशीतल्या मिशीत हसायचे.

टायरात पाणी भरलं की ट्रॅक्टर जड होतो आणि चाक जमीन धरून बसतं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच पंच वॉल्व्हची पिन दाबून बघतात, पाणी उडालं की बाद. पण टायर निम्माच भरलेला असेल आणि वॉल्व्ह वरच्या अंगाला असेल तर? तर नुसती हवा येते, आणि पंच पुढं सरकतात. हे मला माहीत होतं, आणि —

आणि काय? भरलं मी पाणी. आदल्या दिवशी, शोरूमच्या मागं, मागच्या दोन्ही टायरांत. मालकानं सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मैदानात ट्रॅक्टर असा उभा केला की वॉल्व्ह वर राहावेत. पंचांनी पिन दाबली, हवा फुसफुसली, त्यांनी मान डोलावली. मग दत्ताची चाकं जागच्या जागी गरगरली, माती उकरत बसली, आणि मी त्याला ओढत नेला. हलगी वाजली, मला खांद्यावर घेऊन मिरवलं.

एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. जत्रेतली लबाडी काय जगावेगळी आहे? खरं पुढंच आहे.

चाकं का गरगरली, याची चर्चा सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, चाकं घसरावीत म्हणून दत्तानं क्लचवरचा पाय मुद्दाम झटक्यात उचलला. दुसरं कुणी म्हणालं, अहो साडू-साडू ते, घरातल्या घरात ठरलं असणार. सांजेपर्यंत ते गावभर झालं. दुसऱ्या दिवशी समोरचा मालक रस्ता ओलांडून आमच्या दारात आला, दत्ता त्याच्या मागं. सगळ्यांदेखत त्यानं मला विचारलं, "तुमचं आधी ठरलं हुतं का? खरं सांगा."

एक 'नाही' पुरलं असतं. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता — मग चाकं कशानं फिरली? म्हणून मी हसलो. नुसता हसलो! हसणं हे काय उत्तर झालं? ज्याला जे समजायचं होतं ते त्यानं समजून घेतलं. दत्ता माझ्याकडं बघत राहिला.

त्याचं काम गेलं. दुसऱ्या कुठल्या शोरूमनं त्याला दारात उभं केलं नाही. आता हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ऊस वाहतो. लोक त्याला 'क्लच' म्हणतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. मला संताप येतो. माणसाला नाव नाही का? — आणि मग आठवतं, हे नाव कुणामुळं पडलं. मी मात्र शोरूममध्ये वर चढलो. आकडे अजून सांगतोच आहे, आता ते आणखी मोठे झालेत.

परवाच्या दिवाळीत सासुरवाडीला आम्ही दोघं ओट्यावर जेवत होतो. दत्ता ताटाकडं बघत म्हणाला, "पाव्हणं, मी लई इचार केला. माझाच पाय जल्दी उचलला ग्येला असंल. तुमी जिंकलात ते बरुबरच हुतं. आन् सगळी हिनवत्यात, तुमी कदी न्हाई हिनवलं. त्येचं लई बरं वाटतं बगा."

त्याचा पाय चुकला नव्हता. हे जगात एकट्या मला माहीत होतं आणि तो माझ्या हातभर अंतरावर बसला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणालो, "जाऊ द्या हो, होतं एखाद्या वेळी."

त्यानं मान हलवली. मग उठला आणि आपल्या ताटाबरोबर माझंही उष्टं ताट उचलून आत घेऊन गेला.