अपोलसकाकांचं पितळी माप

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या एलंड्स बे गावाचं पोट दक्षिणेच्या वाऱ्यावर चालतं. तो सुटला की तळाचं गार पाणी वर येतं, त्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ माजतं. त्यावर शिंपले जगतात, शिंपल्यांवर शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, आणि शेवंडींवर आम्ही.

त्या मार्चात वारा दहा दिवस पडला. शेवाळ मरून कुजलं, समुद्र कोऱ्या चहासारखा दिसायला लागला आणि पाण्यात श्वास उरला नाही. एका सकाळी हजारो शेवंडी आपल्या पायांनी किनाऱ्यावर चालत आल्या आणि वाळूत मरून पडल्या. कुठून कुठून लोक पोती घेऊन धावले, जसं काही लग्नाचं जेवणच होतं.

अपोलसकाकांनी पन्नास वर्षं शेवंडी धरल्या, त्या प्रत्येकीच्या पाठीला पितळी माप लावून. लहान निघाली की परत पाण्यात. बघायला सरकारी माणूस नसला तरी. "वाढू दे, पुढच्या वर्षी भेटू," म्हणायचे. आम्ही मेले हसायचो.

त्या सकाळी ते वाळूत गुडघे टेकून एका मेलेल्या शेवंडीला माप लावत होते.

"लहान आहे," ते म्हणाले आणि तिला पाण्यात फेकलं.

"अहो, मेलीय ती," सॅनाकाकू म्हणाली. "आता कुणासाठी मोजताय?"

लाटेनं तीच शेवंड आणून काकांच्या गुडघ्यापाशी टाकली. त्यांनी ती उचलली, पुसली आणि पुन्हा माप लावलं.